चौकोन नंतर, जमीन आधी : सैनिकी गणवेशाची डिजिटल नक्षी कशी घडते

कापडछपाईच्या वर्गात डिजिटल कॅमोफ्लाजचा, म्हणजे माणूस लपवणाऱ्या चौकोनी ठिपक्यांच्या सैनिकी नक्षीचा, विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, पिक्सेल केवढा घ्यायचा?’ मी सांगतो, थांब, त्याच्या आधी बरंच काही ठरायचंय. जमीन कोणती, ऋतू कोणता, बघणारा किती लांब, आणि कापड कशाचं. एवढं ठरलं की पिक्सेलचं माप जवळजवळ आपोआप निघतं. ते ठरलं नसेल तर संगणकावर कितीही देखणे चौकोन काढा, झाडीत उभा केलेला माणूस लांबूनच ओळखू येतो.

हा लेख टेक्स्टाइलच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि अशी नक्षी मुळापासून कशी बनते याचं कुतूहल असलेल्या कुणासाठीही. सराव म्हणून तुम्ही स्वतःची एक नक्षी करू शकता. मात्र आपल्या लष्कराची नक्षी उचलायची नाही. का, ते शेवटी सांगतो.

आधी थोडा इतिहास, कारण तो कामाचा आहे

चौकोनांची कल्पना संगणकातून आली असं बहुतेकांना वाटतं. ती आली रंगाच्या रोलरमधून. अमेरिकी सैन्यातले अधिकारी टिमथी ओ’नील हे मानसशास्त्राचे अभ्यासक. 1970 च्या दशकात त्यांनी एम113 या चिलखती गाडीवर दोन इंची रोलरने चौकोनी ठिपके मारून पाहिले. नुसते ठिपके नव्हेत : आधी मोठे पट्टे, मग त्यांच्या कडा चौकोनांनी तोडलेल्या. या पद्धतीला त्यांनी ‘ड्युअल-टेक्स’, म्हणजे दुहेरी पोत, असं नाव दिलं. युरोपात तैनात असलेल्या एका अमेरिकी कॅव्हलरी रेजिमेंटच्या गाड्या काही वर्षं या रंगात होत्या. मग ती कल्पना मागे पडली.

ती कापडावर आणली कॅनडाने. ‘कॅडपॅट’ ही त्यांची नक्षी 1997 मध्ये आधी हेल्मेटच्या खोळीवर दिसली आणि काही वर्षांनी पूर्ण गणवेशावर आली. तिच्याच धर्तीवर अमेरिकी मरीन कोअरने 2001-02 मध्ये ‘मारपॅट’ केली. झाडीसाठी एक, वाळवंटासाठी एक. मारपॅटचं कापड डोळ्यांजवळ धरलं तर चौकोनांच्या गर्दीत मरीन कोअरचं गरुड, पृथ्वी आणि नांगराचं चिन्ह बारीक छापलेलं सापडतं. ही हौस नाही, नकली कापड ओळखायची ती खूण आहे.

मग लाट आली. चीन, रशिया, जॉर्डन, कितीतरी देशांनी चौकोन घेतले. आपल्या लष्कराने 15 जानेवारी 2022 ला, लष्करदिनाच्या संचलनात, नवा डिजिटल कॉम्बॅट गणवेश लोकांसमोर आणला. त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला हवाईदलाचाही आला.

डोळ्याचा हिशेब

कामाला लागण्यापूर्वी एक आकडा पाठ करा : एक आर्कमिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग. धडधाकट डोळा साधारण एवढ्या कोनापर्यंतचा बारकावा वेगळा ओळखतो. शंभर मीटरवर त्याची रुंदी भरते 29 मिलिमीटर. म्हणून सोपं सूत्र : अंतर मीटरमध्ये घ्या, 0.29 ने गुणा, उत्तर मिलिमीटरमध्ये. त्याहून लहान काहीही त्या अंतरावरून शेजारच्या रंगात मिसळून जातं.

आता पाच मिलिमीटरचा चौकोन घेऊन पाहा. सतरा-अठरा मीटरच्या पुढे तो दिसतच नाही. शंभर मीटरवर उरतात फक्त तीन सेंटिमीटरपेक्षा मोठे डाग. दोनशे मीटरवर सहा सेंटिमीटरच्या खालचं सगळं पुसलं जातं. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते या अर्थानेही खरं आहे : दुरून खाचखळगे दिसत नाहीत, नुसता आकार दिसतो. आणि माणसाचा आकार, डोकं, खांदे, दोन पाय, आपला डोळा फार लवकर ओळखतो.

म्हणजे नक्षीला दोन नोकऱ्या करायच्या आहेत. लांबून माणसाचा आकार मोडायचा, आणि जवळून पाचोळा-फांद्यांच्या पोतात मिसळायचं. पहिली नोकरी मोठ्या डागांची, दुसरी चौकोनांची. चौकोन हे गोल किंवा फाटक्या कडांपेक्षा जादूचे असतात असं नाही. ते काढायला, मोजायला आणि छापायला सोयीचे असतात, इतकंच.

पहिला टप्पा : जमीन ठरवा, आणि ती खरोखर जाऊन बघा

सगळ्यात महागड्या चुका इथेच झाल्या आहेत. अमेरिकी लष्कराने 2004 मध्ये ‘युनिव्हर्सल’ नक्षी आणली : वाळवंट, जंगल, शहर, सगळीकडे एकच. राखाडी, वाळूचा रंग आणि करडा हिरवा, असे तीन रंग, काळा नाही. तिन्ही छटांची उजळी इतकी जवळजवळ की थोड्या अंतरावरून सगळं मिळून एक फिकट राखाडी माणूस उभा दिसायचा. अफगाणिस्तानातल्या सैनिकांना 2010 पासून दुसरी नक्षी द्यावी लागली. 2014 मध्ये युनिव्हर्सल मोडीत काढायचं जाहीर झालं आणि 2019 मध्ये ती गणवेशातून पूर्ण गेली. तिच्या जागी आलेल्या नक्षीत चौकोन नाहीत. ‘डिजिटल म्हणजे आधुनिक, आधुनिक म्हणजे चांगलं’ असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अफगाण सैन्याचं प्रकरण तर अजबच. त्यांच्यासाठी जंगलाची डिजिटल नक्षी निवडली गेली, ती तिथल्या संरक्षणमंत्र्यांना आवडली म्हणून. 2017 मध्ये अमेरिकेच्या पुनर्बांधणी-तपासनिसांनी अहवाल दिला की त्या देशात जंगल अवघं 2.1 टक्के आहे, आणि या निवडीपायी सुमारे 2 कोटी 80 लाख डॉलर जास्तीचे गेले असावेत.

तेव्हा सरावासाठी एकच जमीन घ्या. मी विद्यार्थ्यांना सह्याद्रीचा घाटमाथा देतो, कारण तो नीट नाचवतो. जुलैत तिथे डोळ्यात भरेल असा पोपटी हिरवा. नोव्हेंबरात गवत सोनेरी. मार्चनंतर पिवळट तपकिरी, मधून कातळाचा काळा, आणि वणवा गेलेला असेल तर राखेचे पट्टे. डोंगर तोच, नक्ष्या तीन लागतील. ‘वर्षभर चालेल अशी एक’ करायला गेलात की युनिव्हर्सलच्या वाटेला लागलात. ऋतू निवडा, कागदावर लिहा, आणि लिहिलेल्याला चिकटून राहा.

लष्करासारख्या मोठ्या संस्थेला ही चैन नसते हे खरं. आपल्या लष्कराला राजस्थान ते अरुणाचल सगळं बघायचं, म्हणून तिथे ऑलिव्ह आणि मातकट छटांचा मध्य काढला आहे. तो तडजोडीचाच मार्ग, पण छटांमध्ये उजळीचा फरक राखून केलेला.

दुसरा टप्पा : रंग गोळा करा

मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका. मोबाइल हिरव्याला जास्त हिरवं करतो, सावल्या उचलून उजळ करतो. कॅमेरा असेल तर रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने रंग न बदललेल्या फाइलमध्ये, फोटो घ्या आणि प्रत्येक जागी एका फोटोत राखाडी कार्ड किंवा रंगांच्या चौकटींचं कार्ड ठेवा. सकाळी, दुपारी आणि ढगाळ हवेत, उभं राहून आणि गुडघ्यावर बसून. जमिनीवर पालथं पडूनही घ्या, कारण लपलेल्या माणसाच्या मागे आभाळ नसतं, गवत असतं. तीसेक चांगले फोटो पुरतात.

कार्डावरून रंग दुरुस्त करा आणि मग संगणकाला त्यांतले मुख्य रंग काढायला लावा. गिंप या चित्रं सुधारण्याच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये चित्र ‘इंडेक्स्ड’ केलं की तो ठरवलेल्या संख्येत रंग आणून देतो. पाच मागा. आकाश आणि कार्ड आधी कापून टाका, नाहीतर पाचांतला एक निळा येतो आणि लोक तो प्रामाणिकपणे नक्षीत वापरतात.

आता हे पाचही रंग काळ्या-पांढऱ्यात बदलून शेजारी ठेवा. इथे खरी परीक्षा आहे. दोन छटा राखाडीत सारख्याच दिसल्या तर त्यांतली एक वाया गेली. सगळ्यात गडद आणि सगळ्यात फिक्या छटेत ठळक अंतर हवं. खऱ्या झाडीत सावल्या काळ्याभोर असतात. नक्षीत त्या नसल्या की कापड चपटं आणि धुरकट दिसतं.

शक्य असेल तर वाळलेलं पान आणि मातीची पुडी एखाद्या प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्या-छापण्याच्या कारखान्यात, स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजायच्या यंत्राखाली ठेवून बघा. इचलकरंजी-सोलापूरकडच्या मुलांना हे यंत्र हाताशी असतं. तिथले लोक आधी हसतील, मग स्वतःच पानं आणून देतील.

तिसरा टप्पा : मोठे डाग

संगणक बाजूला ठेवा. कागदावर माणसाची आकृती काढा, खऱ्या मापाच्या एकदशांश. जाड मार्करने तीन छटांत डाग टाका. खांद्याची कड, कमरेची रेघ, मांडीचा बाहेरचा उतार, या जागांवरून डाग आरपार गेला पाहिजे. पाय उभे असतात, म्हणून आडव्या किंवा तिरक्या डागांनी ते चांगले तुटतात. डाग पंधरा ते तीस सेंटिमीटरचा धरा आणि सगळे एका मापाचे ठेवू नका. एकसारखे डाग झाले की चित्त्याची झूल होते.

मग कागद भिंतीला लावून सहा-सात पावलं मागे जा आणि डोळे किलकिले करा. माणूस दिसला? पुन्हा काढा. संगणकावर चित्र भरपूर धूसर करूनही हेच बघता येतं, पण किलकिले डोळे फुकट आहेत.

चौथा टप्पा : आता चौकोन

डागांचं चित्र संगणकावर घ्या आणि ते खऱ्या मापाच्या जाळीवर बसवा. पायदळाच्या कापडासाठी पाच मिलिमीटरच्या आसपासच्या चौकोनापासून सुरुवात करा. नुसती ‘पिक्सेलेट’ची कळ दाबलीत तर कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतील. तेवढ्यावर थांबू नका. दोन रंगांच्या सीमेवर तीन-चार चौकोनांच्या पट्ट्यात दोन्ही रंग एकमेकांत शिंपडा : गडद डागाच्या बाहेर काही गडद चौकोन, आत काही फिके. मोठ्या डागाच्या पोटात लहान बेटं सोडा. काही चौकोन एकेकटे, काही दोन-तीन जोडून आडवे, काही उभे. निसर्गात बारीक गोष्टी पुष्कळ आणि मोठ्या थोड्या असतात. तो उतरता क्रम नक्षीत आला पाहिजे : डाग, मग डागाचे तुकडे, मग शिंतोडे.

आणि हे शिंतोडे हाताने टाका. यंत्राने सगळीकडे सारखे पसरवले की टीव्हीवर प्रक्षेपण गेल्यावर येणाऱ्या मुंग्या दिसतात.

पाचवा टप्पा : रिपीट, म्हणजे नक्षीचं पुन्हा येणं

रोटरी छपाईत रंग गोल जाळीच्या नळीतून कापडावर उतरतो. एका रंगाला एक नळी, म्हणजे पाच रंगांना पाच स्क्रीन. नळीचा घेर साधारण 64 सेंटिमीटर, म्हणजे तुमची नक्षी दर 64 सेंटिमीटरला पुन्हा येणार. पाठीवर आणि पँटवर मिळून ती दोन-तीनदा दिसते.

माझी पहिली नक्षी पडद्यावर उत्तम होती. नमुन्याचे दहा मीटर छापून आले, आम्ही ते गच्चीवरून खाली सोडले आणि रस्त्यापलीकडून बघितले. गडद डाग एका तिरक्या रेषेत येऊन बसले होते. लांबून ते कापड रेघारेघांच्या पायजम्याचं वाटत होतं. चहावाला म्हणाला, ‘गादीचं हाय का?’ त्यानंतर मी एकही नक्षी बाजूला आणि वरखाली तीन-तीनदा जोडून, लहान करून, लांबून बघितल्याशिवाय छपाईला दिलेली नाही. रेघ दिसली तर जोडावरचे डाग हलवा किंवा शेजारची ओळ अर्ध्या रिपीटने खाली सरकवा.

दुसरी अडचण खास चौकोनांची. जुन्या वळणदार नक्षीत स्क्रीन अर्धा मिलिमीटर सरकली तर कुणाला कळत नाही. चौकोनात लगेच कळतं, दोन रंगांमध्ये बारीक पांढरी रेघ चमकते. त्यावर उपाय असा की सगळ्यात फिकी छटा आधी संपूर्ण कापडाला द्यावी आणि गडद रंग फिक्यावर किंचित चढेल असे स्क्रीन काढावेत.

सहावा टप्पा : मैदानात

इथे आळस करू नका. बाकी सगळं नीट करून इथे ‘मित्रांना दाखवलं, छान म्हणाले’ एवढ्यावर संपवणारे मी बरेच पाहिलेत.

सुती कापडावर डिजिटल छपाईने पाच-सहा मीटर काढा आणि साधा सैल शर्ट-पँट शिवा. फ्लेक्सवर काढू नका, फ्लेक्स चमकतो. सोबत तसाच एक साधा, एकरंगी ऑलिव्ह हिरवा जोड ठेवा. हा दुसरा जोड फार महत्त्वाचा. तुमची नक्षी साध्या हिरव्यापेक्षा सरस ठरली नाही तर एवढा खटाटोप कशाला?

ठरवलेल्या जमिनीवर दहा जागा निवडा. एक जण तिथे जाऊन स्तब्ध बसेल, कधी नक्षीत, कधी साध्या हिरव्यात, चिठ्ठी काढून. बघणाऱ्याला जागा माहीत नसावी. तो दीडशे मीटरवरून हळूहळू पुढे येईल आणि दिसला की थांबेल. ते अंतर टेपने मोजा. एका जागी एक बघणारा एकदाच. एकदा सापडलेला माणूस पुन्हा न दिसणं अशक्य असतं. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा करा. मैदानावर जाणं जमत नसेल तर कपड्यांचे फोटो घेऊन ते पडद्यावर दाखवा आणि शोधायला लागलेले सेकंद मोजा. सैन्यांमध्येही फोटोंवरच्या अशा चाचण्या होतात. पण फोटोत वारा नसतो, आणि लपलेला माणूस बहुतेकदा हलल्यामुळेच सापडतो.

सातवा टप्पा : कापड, रंग आणि रात्रीचा डोळा

दिवसा जमलेली नक्षी रात्री उघडी पडू शकते. हिरव्या पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषतं, पण त्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा नजीकचा इन्फ्रारेड पान जोरात परतवतं. रात्रीच्या दुर्बिणीला तो दिसतो. त्यामुळे तिच्यातून झाडी उजळ दिसते, आणि चुकीच्या रंगाने छापलेलं कापड त्यात काळं भोक पडल्यासारखं किंवा उलट पांढरंफेक. डोळ्याला दोन्ही हिरवं दिसतं, हीच गंमत.

घरगुती तपासणी सोपी आहे. रात्री इन्फ्रारेड दिव्यावर चालणारा सीसीटीव्ही कॅमेरा घ्या. त्याच्यासमोर कुंडीतलं झाड, मूठभर माती आणि तुमचं कापड ठेवा, दिवे घालवा. आम्ही एकदा काळा शर्ट ठेवला, तो पडद्यावर दुधासारखा पांढरा आला. मुलांना पंधरा मिनिटं खरं वाटेना. काळा, गडद हिरवा, तपकिरी या प्रत्येक रंगाचं इन्फ्रारेडमधलं वागणं वेगळं असतं. म्हणून सुती भागासाठी व्हॅट या पक्क्या रंगांतले रंग निवडून घेतात आणि इन्फ्रारेड जास्त परतत असेल तर तो खाली आणायला थोडा कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीची बारीक पूड, वापरतात. पॉलिएस्टर भागाला डिस्पर्स नावाचे वेगळे रंग लागतात, म्हणजे मिश्र कापडात एकच छटा दोन प्रकारच्या रंगांनी जुळवायची. प्रोसेस हाऊसची खरी झोप इथे उडते.

आपल्या लष्कराच्या नव्या गणवेशासाठी दिल्लीच्या निफ्ट या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेसोबत पंधरा नक्ष्या, चार रचना आणि आठ कापडं तपासली गेली. शेवटी 70 टक्के सूत आणि 30 टक्के पॉलिएस्टर असं मिश्रण ठरलं. उन्हात अंगाला बरं वाटायला सूत, लवकर वाळायला पॉलिएस्टर. मापं तेरा.

आठवा टप्पा : शिलाई आणि धुलाई

शिंपी चांगला असला की खिशाची नक्षी अंगाच्या नक्षीशी जुळवतो. एरवी ते कौतुकाचं, इथे गरज नाही. फक्त छातीच्या मधोमध मोठा फिका डाग येऊ देऊ नका, आणि दोन्ही बाह्या आरशातल्यासारख्या एकसारख्या कापू नका. निसर्गात जोडीचं फार थोडं असतं, डोळा ते चटकन टिपतो.

कापड वीस वेळा धुऊन मग पुन्हा मोजा, दिवसा आणि सीसीटीव्हीसमोर. धुताना नीळ नको आणि ‘जादा सफेदी’ची पावडर नको, कारण तिच्यातली चकाकीची द्रव्यं कापडाला अतिनील प्रकाशात चमकवतात. खळ घालून कडक इस्त्रीही नको. अमेरिकी लष्कराने आपल्या कॉम्बॅट गणवेशाला खळ घालायला मनाईच केली होती. कडक इस्त्रीच्या वर्दीचा आपल्याकडे मोठा मान, त्यामुळे हे सांगितलं की माजी सैनिक असलेले पालक हमखास वाद घालतात.

आणि कायद्याचं

लष्कराने आपली नवी नक्षी आणि गणवेशाची रचना कोलकात्याच्या पेटंट व डिझाइन कार्यालयात नोंदवली आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये तिची अधिकृत नोंद प्रसिद्ध झाली. नोंदलेल्या डिझाइनला आपल्या कायद्यात दहा वर्षांचं संरक्षण असतं, पुढे पाच वर्षं वाढवता येतं. त्यामुळे तसं कापड परवानगीशिवाय छापणं किंवा विकणं महागात पडतं. सुरुवातीचे 50,000 जोड सीएसडीच्या, म्हणजे लष्करी कँटीनच्या, पंधरा डेपोंतून दिले गेले, त्यांत मुंबई आणि खडकी हे दोन. हा गणवेश शिवायचा कसा, याचं प्रशिक्षण लष्करी आणि बाहेरच्या शिंप्यांना निफ्टच्या चमूने दिलं.

शिवाय सैनिक असल्याचं भासवायला सैनिकासारखा पोशाख घालणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 168. म्हणून सरावाची नक्षी लष्कराच्या नक्षीपासून स्पष्ट वेगळी ठेवा, चाचणीच्या दिवशी गावातल्या पोलीस पाटलांना आणि वनरक्षकांना आधी सांगून ठेवा, आणि ते कपडे घालून एसटीने घरी जाऊ नका. आमचा एक गेला होता. स्टँडवर दीड तास बसवून ठेवला, आणि शेवटी राखाडी कार्ड, टेप आणि सह्याद्रीच्या मातीची पुडी दाखवून सुटला.